डेव्हलपर म्हणजे आमटी नव्हे

मंडळी, आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. नातेवाइकांपैकी निम्मे लोक दुसऱ्या परिच्छेदापर्यंतही पोचणार नाहीत, याची मला कल्पना आहे. पण हल्ली काही तरुण मुलं पुन्हा फिल्मचे कॅमेरे गळ्यात अडकवून हिंडू लागली आहेत, आणि त्यातली काही तर डेव्हलपरसुद्धा घरीच तयार करतात. त्यांच्यासाठी हे लिहायलाच हवं असं वाटलं. त्यांच्या तक्रारी ऐकताना एक वाक्य हमखास कानावर येतं. "डेव्हलपर जरा मंद वाटला, म्हणून थोडा सोडा वाढवला." माझा सगळा आक्षेप या वाक्यातल्या तीन शब्दांना आहे. 'वाटला', 'थोडा' आणि 'वाढवला'.

माझं मत सरळ आहे. घरी केलेला डेव्हलपर बिघडल्याची शंका आली, तर तो सुधारायच्या भानगडीत पडू नये. ओतून द्यावा, का बिघडला ते शोधून काढावं आणि नवा करावा. शोध घ्यायचा तो पुढच्या बाटलीसाठी, हातातल्या बाटलीसाठी नाही.

हे ऐकायला उधळपट्टीचं वाटेल. आपल्या घरांतून काही फेकायची पद्धत नाही. आमटी खारट झाली तर आपण पाणी वाढवतो, बटाटा सोडतो, चिंचगुळाने सावरतो. पण आमटी सावरता येते कारण आपण ती चाखून बघतो. दर खेपेला जीभ सांगते, अजून थोडं, आता पुरे. डेव्हलपरची चव घ्यायची सोय नाही. तो बंद टाकीत, अंधारात काम करतो. त्याने काय केलं ते कळतं तेव्हा काम होऊन गेलेलं असतं. आमटी अगदीच बिघडली तर दुसरी करता येते. मुंजीचे फोटो काढायला मुंज पुन्हा लावता येत नाही.

आता घरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. ज्या कणांवर उजेड पडतो त्यांच्यात बदल होतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. डेव्हलपर त्या कणांची काळी चांदी करतो. मग फिक्सर, म्हणजे आपला जुना हायपो, उरलेले कण विरघळवून काढून टाकतो. डेव्हलपरमध्ये साधारण चार प्रकारची मंडळी असतात. एक प्रत्यक्ष काम करणारा, म्हणजे मेटॉल किंवा हायड्रोक्विनोन. दुसरा त्याला हवेपासून जपणारा, तो सोडियम सल्फाइट. तिसरा त्याला जोर देणारा अल्कली पदार्थ, म्हणजे बोरॅक्स किंवा सोडियम कार्बोनेट. आणि चौथा, उजेड न पडलेल्या कणांना हात लावू नको म्हणून दटावणारा पोटॅशियम ब्रोमाइड. प्रत्येक डेव्हलपरमध्ये चौघेही असतातच असं नाही.

कोडॅकचा डी-७६ हा डेव्हलपर १९२७ सालचा. त्याची कृती सर्वांना ठाऊक आहे. मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम आणि सगळं मिळून १ लिटर. आता यातलं बोरॅक्स बघा. लिटरभर पाण्यात दोनच ग्रॅम. तुम्ही अंदाजाने 'थोडं' म्हणून अर्धा ग्रॅम जास्त टाकलंत तर तुमच्या लेखी ते काहीच नाही, पण त्या बाटलीत बोरॅक्स सव्वापट झालं. चिमटीला हा हिशोब कळत नाही.

त्यातून आपला अंदाज उलट्या दिशेने जाण्याची शक्यताही असते. करून ठेवलेला डेव्हलपर दिवसेंदिवस मंदच होत जाणार, असं आपण धरून चालतो. डी-७६ मात्र ठेवला की सुरुवातीला थोडा जास्तच जोरकस होतो. हायड्रोक्विनोन आणि सल्फाइट यांच्यात हवेमुळे जी क्रिया होते तिच्यातून अल्कली तयार होतो आणि द्रावणाचा पीएच वर सरकतो. म्हणजे ज्याला आपण म्हातारा समजून टॉनिक पाजायला निघालो, तो आधीच तालमीतून आलेला असतो! हे आवरायला पुढे डी-७६ ची अशी कृती निघाली, की जिच्यात बोरॅक्सबरोबर बोरिक अ‍ॅसिडही असतं. ती मोजूनमापून केलेली दुरुस्ती होती, चिमटीची नव्हे.

तर मग शोध कसा घ्यायचा? माझ्या मते सर्वांत आधी डब्यावरचं नाव पुन्हा वाचावं. ध चा मा झाल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा जीव एका अक्षराने घेतला, असं म्हणतात. ती गोष्ट खरी असो वा दंतकथा, रसायनांच्या बाजारात ती रोज घडू शकते. सल्फाइट डेव्हलपरला जपतो. सल्फेट त्या कामाला निरुपयोगी. थायोसल्फेट म्हणजे तर हायपो, तो डेव्हलपरमध्ये गेला की फिल्मची चांदीच विरघळवू लागतो. बायसल्फाइट आम्लधर्मी, तो डेव्हलपरचा जोर काढून घेतो. सोडियम सल्फाइड हा आणखी निराळा, त्याने फिल्मवर धुकंच धुकं येतं. मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटसारख्या बाजारात गर्दीच्या वेळी दुकानदाराला तोंडी नाव सांगून पुडी बांधून घेणं म्हणजे नशिबावर हवाला ठेवणं. कागदावर लिहून न्यावं आणि घरी आल्यावर पाकिटावरचं प्रत्येक अक्षर वाचावं.

घरगुती नावांचा घोटाळा याहून मोठा. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. कृतीत कार्बोनेट हवं असताना बायकार्बोनेट गेलं तर डेव्हलपरला जोरच येत नाही, आणि माणूस आठ दिवस मेटॉलला शिव्या देत बसतो. तसंच बोरॅक्स म्हणजे टाकणखार, आणि कॅरमवर टाकायची ती बोरिक पावडर. एक अल्कली, दुसरं आम्ल. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही 'बो'ने सुरू होणाऱ्या.

नाव बरोबर असलं तरी वजन बरोबर असेलच असं नाही. कारण सोडा पाणी धरून बसतो. १०६ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेटमध्ये जेवढा सोडा असतो, तेवढाच सोडा मिळवायला त्याचे पाणीदार स्फटिक २८६ ग्रॅम घ्यावे लागतात. म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. दोन्हींच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे, तो १२४ ग्रॅम. वाण्याकडचा सोडा उघड्या पिंपात राहून अर्धवट वाळलेला असतो, तेव्हा तो यातला कुठला, हे वाणीही सांगू शकणार नाही. यावर उपाय सोपा आहे. स्वयंपाकात न वापरायच्या एका जाड पसरट भांड्यात तो मंद आचेवर परतत राहावा आणि मधूनमधून वजन करावं. वजन उतरायचं थांबलं की हाती आलेला सोडा निर्जल. खायचा सोडासुद्धा चांगला तापवला की त्याचं कार्बोनेट होतं. १०० ग्रॅमचे साधारण ६३ ग्रॅम उरले की झालं. इथे काटा आपल्याशी खोटं बोलत नाही, आणि मला ही गोष्ट फार आवडते.

काट्यावरून आठवलं. चमच्याने मोजू नये. भुगा, स्फटिक आणि दमट गोळे यांचा एकच चमचा तीन वेगळ्या वजनांचा भरतो. सोन्याचांदीच्या कामाचा लहान डिजिटल काटा आता सहज मिळतो. फेनिडोनसारखा पदार्थ ०.२ ग्रॅम लागतो, तेवढं घरच्या काट्यावर भरवशाने मोजता येत नाही. तेव्हा २ ग्रॅम मोजून प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवावं आणि सगळं मिळून २०० मिली करावं. त्यातले २० मिली घेतले की बरोबर ०.२ ग्रॅम आले. सातवीचं त्रैराशिक आहे हो!

त्यानंतर क्रम. साधारण पाऊण लिटर पाणी ५० अंशांच्या आसपास कोमट करून त्यात एकेक पदार्थ घालायचा. पहिला पूर्ण विरघळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, आणि शेवटी पाणी घालून १ लिटर पुरं करायचं. लिटरभर पाण्यात सगळं ओतलं तर माप लिटरच्या वर जातं. मेटॉल सल्फाइटच्या दाट द्रावणात धड विरघळत नाही, म्हणून ते आधी. मात्र साध्या पाण्यात ते हवेने लवकर खराब होतं, म्हणून त्याच्याही आधी चिमूटभर सल्फाइट. या सगळ्या पाककृतीत 'चिमूटभर' हा शब्द चालतो तो एवढ्या एकाच जागी, आणि ती चिमूटही मोजून ठेवलेल्या १०० ग्रॅममधलीच!

पाण्याचं म्हणाल तर बोअरिंगच्या जड पाण्यातला चुना सोड्याबरोबर पांढरा साका धरतो. पाण्यात लोह किंवा तांबं अंशमात्र जरी असलं, तरी क जीवनसत्त्वावर चालणारे डेव्हलपर त्याने अचानक मरतात, तेही रंग न बदलता. मेटॉल-हायड्रोक्विनोनचा डेव्हलपर मरताना निदान चहासारखा तांबूस होऊन सांगून जातो. क जीवनसत्त्वाचा डेव्हलपर शेवटपर्यंत स्वच्छ दिसतो. म्हणून डिस्टिल्ड वॉटरचे चार पैसे वाचवू नयेत.

आणि तापमान. कृतीतल्या वेळा बहुधा २० अंशांच्या असतात. २० अंशांना १० मिनिटं लागत असतील, तर २४ अंशांना साधारण ७ मिनिटं पुरतात. आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणीच ३० अंशांच्या वर असतं. मग निगेटिव्ह काळीकुट्ट आली की दोष डेव्हलपरवर! बर्फ घातलेल्या पाण्याच्या बादलीत बाटल्या उभ्या कराव्यात. बर्फ बादलीत, डेव्हलपरमध्ये नाही.

एवढं सगळं तपासायच्या आधी मात्र फिल्म काय म्हणते ते ऐकावं. फिल्मच्या कडेला आकडे आणि अक्षरं असतात. ती कारखान्यातच उजेडाने छापलेली असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नसतो. म्हणून ती साक्षीदार. चित्रं कोरी आणि आकडेही नाहीत, तर डेव्हलपर मेलेला होता किंवा फिक्सर आधी ओतला गेला. आकडे ठसठशीत पण चित्रं कोरी, तर डेव्हलपर निर्दोष, फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नसणार. आकडेही पुसट आणि चित्रंही पुसट, तर डेव्हलपर कमी पडला, मग तापमान, वेळ आणि वजन तपासा. आकडे चांगले पण चित्रातल्या सावल्या रिकाम्या, तर फोटो काढतानाच उजेड कमी पडला. चित्रांच्या मधल्या पट्ट्यांतही राखाडी धुकं असेल, तर फिल्म जुनी आहे, कुठून तरी उजेड शिरलाय, डेव्हलपर फार गरम होता, नाही तर त्यात काही भलतं मिसळलंय. आणि फिल्म दुधाळ असेल, तर फिक्सर कमी पडलाय. ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा घाला, होईल ठीक. या सगळ्यांत मागाहून सहज निस्तरता येणारी चूक बहुधा एवढी एकच.

बघा, यातल्या कितीतरी वेळा डेव्हलपरचा काही दोष नसतो. आणि नेमका तोच 'थोडा सोडा' वाढवून बिघडवला जातो. एकदा तसं केलं की पुढचा रोल कशामुळे बिघडला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, कारण आता बाटलीत काय आहे हेच कोणाला माहीत नाही. दुरुस्तीवर माझा राग आहे तो यासाठी. एक रोल गेला तर गेला, पण चुकीतून काही शिकण्याची सोयही त्याच्याबरोबर गेली.

ज्याने त्याने घरात टांगावा असा नियम एकच. टाकीत ओतण्याआधी फिल्मच्या बाहेर आलेल्या शेपटाचा तुकडा कापून घ्यावा. त्यावर उजेड पडलेलाच असतो. तो उजेडातच डेव्हलपरमध्ये सोडावा. काही मिनिटांत काळा झाला तर डेव्हलपर जिवंत आहे. नाही झाला तर रोल डब्यातच सुखरूप आहे आणि गेले ते थोडे रुपये. नवा डेव्हलपर केला की पहिला काळा तुकडा आणि त्याला लागलेली मिनिटं जपून ठेवावीत, म्हणजे पुढे ताडून बघता येतं. ही चाचणी जिवंत की मेलेला एवढंच सांगते, जोर नेमका किती ते सांगत नाही. त्यासाठी बिनमोलाचे दोन-चार फोटो काढून छोटा तुकडा धुऊन बघावा.

आता जरा वादाचं बोलतो. सध्या कॉफीच्या डेव्हलपरचं मोठं कौतुक आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एका वर्गाने इन्स्टंट कॉफी आणि धुण्याचा सोडा वापरून फिल्म धुऊन दाखवली. पुढे लोकांनी त्यात क जीवनसत्त्व घातलं. एक प्रचलित कृती अशी आहे. लिटरला निर्जल सोडा ५४ ग्रॅम, क जीवनसत्त्व १६ ग्रॅम आणि इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम, २० अंशांना १५ मिनिटं. चालते, छान चालते, गंमत म्हणून अवश्य करावी. पण शिकायला सुरुवात तिथून करू नये असं माझं मत आहे. कॉफी ही एक वस्तू नाही, शेकडो पदार्थांची गर्दी आहे, आणि ती ब्रँडागणिक बदलते. बिघडलं तर संशय घ्यायचा कोणावर?

त्यापेक्षा डी-२३ ने सुरुवात करा. १९४४ साली प्रसिद्ध झालेली ही कृती. लिटरला मेटॉल ७.५ ग्रॅम आणि सल्फाइट १०० ग्रॅम. बस्स. अल्कलीचं कामही सल्फाइटच करतो. संशयित दोनच, बाकी पाणी, तापमान आणि वेळ. निगेटिव्ह फिकी आली, तापमान, वेळ आणि मेटॉलचं वजन बरोबर असेल, तर महिनोन्‌महिने उघड्या राहिलेल्या पिशवीतल्या सल्फाइटचा हवेने सल्फेट झालेला असतो. शिकणाऱ्याने आधी दोन अक्षरांचे शब्द वाचावेत, जोडाक्षरं मागाहून.

नात्यातल्या एका मुलाला त्याच्या कै. आजोबांच्या कॅमेऱ्यात न धुतलेला रोल सापडला. तो कॉफीत धुवायचं त्याच्या मनात आहे. त्याला माझं हात जोडून सांगणं आहे, बाबा रे, हा नको. जुन्या फिल्मवर आधीच धुकं चढलेलं असतं, कॉफी त्यावर आपला डाग चढवते. आधी दुसऱ्या जुन्या रोलवर हात बसव, पोटॅशियम ब्रोमाइडचं काम समजून घे. किंवा सरळ जाणत्या लॅबला दे. त्या रोलमध्ये कोण आहे हे कोणालाच ठाऊक नाही. कदाचित कोणी नसेलही. पण असेल तर त्या माणसाला पुन्हा समोर बसवता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल, एवढी कटकट असेल तर तयार पाकीटच आणावं की! आणावं, त्यात कमीपणा काही नाही. पण पाकीट बिघडलं तर आपण फक्त दुसरं पाकीट आणू शकतो. घरी केलेलं बिघडलं तर त्याला प्रश्न विचारता येतात, आणि नीट मोजलं असेल तर उत्तरही मिळतं. घरी करण्याचा खरा लाभ पैशांचा नाही, हा आहे. अंदाजाने केलंत तर दोन्हीकडून गेलात. पाकिटाचा भरवसा नाही आणि घरच्याचं ज्ञानही नाही.

राहता राहिल्या दोन गोष्टी. हातमोजे घाला, मेटॉलने काहींच्या हाताला इसब होतं. आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत डेव्हलपर भरू नका, घरात लहान मुलं असतात. ओतून द्यायचा तो भरपूर पाण्याबरोबर मोरीत, तुळशीच्या कुंडीत नाही. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते, तो वेगळा साठवावा, मोरीत सोडू नये.

असो. फार लांबलं. एक वही करा. तारीख, कुठल्या दुकानातला कुठला पदार्थ, वजन, पाणी, तापमान, मिनिटं. एका वेळी एकच गोष्ट बदला. बाटलीवर नाव आणि तारीख घाला. आणि तरीही एखाद्या दिवशी शंका आलीच, तर सोड्याच्या डब्याकडे हात नेऊ नका. मोरी जवळ आहे, आणि रोल अजून डब्यात आहे.